लॉरेन्सचं विजेतेपद आणि घरच्या कोचचा अभिमान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. आमचा मुलगा शाळेत अमेरिकन फुटबॉल खेळायचा, क्वार्टरबॅक होता. दर शनिवारी सकाळी त्याला खासगी कोचकडे सोडायचं काम माझं. ७ जानेवारी २०१९ च्या रात्री आमच्याच भागातल्या ट्रेव्हर लॉरेन्स नावाच्या पोराने क्लेमसन विद्यापीठाला कॉलेज फुटबॉलचं विजेतेपद जिंकून दिलं. तेव्हापासून सांगलीचे मामा, पुण्याची भाचरं आणि इथले मराठी आईबाप तेच तेच प्रश्न विचारत आलेत. ती उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो.

नक्की कोणता सामना?

कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथे झालेला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. क्लेमसन विद्यापीठ विरुद्ध अलाबामा विद्यापीठ. भारतात तेव्हा ८ जानेवारीची सकाळ उजाडत होती, साडेसहाच्या सुमारास सामना सुरू झाला. क्लेमसनने तो ४४-१६ असा जिंकला. निक सेबन यांच्यासारख्या प्रशिक्षकाचा अलाबामात असताना झालेला हा सगळ्यात मोठा पराभव. क्लेमसनचा हंगाम १५-० असा निष्कलंक संपला. पहिल्या दर्जाच्या कॉलेज फुटबॉलमध्ये १५ पैकी १५ सामने याआधी कोणी जिंकले होते ते १८९७ साली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने.

क्लेमसनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स तेव्हा १९ वर्षांचा होता, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्याने ३२ पैकी २० पास जुळवले, ३४७ यार्ड, ३ टचडाऊन (म्हणजे चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचवणं), आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला नाही. शाळेतून थेट आलेल्या पहिल्या वर्षाच्या क्वार्टरबॅकने सुरुवातीपासून खेळून राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, असं १९८५ च्या ओक्लाहोमाच्या जमेल हॉलोवेनंतर प्रथमच घडलं.

क्वार्टरबॅक म्हणजे कॅप्टन का?

अगदी तसं नाही. आक्रमण करणाऱ्या ११ जणांमध्ये प्रत्येक चालीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे जायचं असतं. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच-तीन सेकंदांत त्याने ठरवायचं, की फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा, की स्वतः पळायचं. तेवढ्या वेळात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत असतात. फिल्डरने सीमारेषेवरून स्टंपांवर थ्रो करावा, पण स्टंपच पळत असावेत आणि फिल्डरच्या अंगावर चार जण झेपावत असावेत, असं मी मामांना सांगितलं होतं. त्यांना ते पटलं.

कॉलेजच्या सामन्याला एवढं महत्त्व कशाला?

इथे व्यावसायिक लीगमध्ये जायचा रस्ता कॉलेजातूनच जातो. आणि दक्षिणेत, म्हणजे जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलायना या पट्ट्यात, कॉलेजचा संघ हा घराण्याचा वारसा असतो. आजोबा ज्या संघाचे, नातू त्याच संघाचा.

खासगी कोच म्हणजे आपल्याकडचे क्लासवाले सर का?

तुलना बरीचशी जुळते. शाळेचे मास्तर वेगळे, क्लासचे सर वेगळे. शाळेच्या संघाच्या कोचकडे ८०-९० मुलं असतात आणि दर शुक्रवारी सामना असतो. एका मुलाचा पाय कुठे पडतो हे बघायला त्याला उसंत कुठून मिळणार? ते काम खासगी कोच करतो. तासाच्या हिशोबाने फी घेतो, सार्वजनिक पार्कात किंवा एखाद्या शाळेच्या रिकाम्या मैदानावर चार-पाच मुलं घेऊन उभा राहतो.

ही प्रथा फार जुनी नाही. कॅलिफोर्नियात स्टीव्ह क्लार्कसन यांनी ऐंशीच्या दशकात हा पूर्णवेळचा व्यवसाय केला. पुढे टॉम हाउस हे मूळचे बेसबॉलचे गोलंदाज या क्षेत्रात आले. फेकताना शरीर कसं वळतं याचा त्यांनी अभ्यास केला, आणि ड्रू ब्रीज, टॉम ब्रेडी यांच्यासारखे नावाजलेले खेळाडू त्यांच्याकडे गेले. हे ऐकलं की मला बरं वाटतं. फेकीचं शास्त्र एकच, खेळ कोणताही असो.

क्लासवाल्यांशी आणखी एक साम्य आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर एकाच मुलीचा फोटो दोन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो, तसं इथेही होतं. एखादा मुलगा चमकला की दोन महिने शिकवलेलाही पुढे येऊन ‘आमचा विद्यार्थी’ म्हणतो. म्हणून अभिमान कोणाचा खरा हे ओळखायला मी एक गोष्ट बघतो : मूल कोणाच्या ओळखीचं नसताना हा माणूस त्याच्याबरोबर मैदानात होता का?

लॉरेन्सचे खासगी कोच कोण?

रॉन व्हील. ते स्वतः ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ॲरिझोना विद्यापीठाकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळले. पुढे अटलांटा परिसरात त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. लॉरेन्स कार्टर्सव्हिलचा. अटलांटाहून ७५ नंबरच्या महामार्गाने वायव्येला तासाभराच्या आत येणारं हे छोटं गाव. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो व्हील यांच्याकडे येत होता. तेव्हा त्याचं नाव होतकरू खेळाडूंच्या कोणत्याही यादीत नव्हतं.

नंतर ते आलं आणि वरच राहिलं. कार्टर्सव्हिल हायस्कूलला त्याने दोन वेळा राज्याचं विजेतेपद मिळवून दिलं. शाळेतल्या कारकिर्दीत १३,९०२ यार्ड आणि १६१ टचडाऊन पास केले, आणि त्यापूर्वी डेशॉन वॉटसनच्या नावावर असलेले जॉर्जियाचे विक्रम मोडले.

खासगी कोच शिकवतो तरी काय? फेकता तर कोणालाही येतं.

मीही पहिल्या दिवशी हाच समज घेऊन गेलो होतो. आमच्या मुलाचे कोच वेगळे, ते काही प्रसिद्ध नाहीत. पण पद्धत या सगळ्यांची मिळतीजुळती आहे.

ऑक्टोबरमधली सकाळ, गवतावर दव. कोचने चेंडूंची पिशवी उघडलीच नाही. चुन्याची एक रेघ दाखवली आणि मुलाला म्हणाले, या रेघेवर उभा राहा, तीन पावलं मागे, थांब, पुन्हा पुढे. चाळीस मिनिटं तेवढंच. दवात पावलांचे ठसे उमटत होते. प्रत्येक वेळी कोच वाकून ते ठसे बघत, बोटाने दोन ठशांमधलं अंतर मोजत आणि मान हलवत. मागच्या पायाची टाच टेकली की वजन मागे राहतं, वजन मागे राहिलं की चेंडू वर उडतो. पुढचं पाऊल प्रमाणाबाहेर लांब पडलं तरी तेच. नेम खांद्यात असतो असं आपल्याला वाटतं. तो कंबरेत असतो, आणि कंबर पायांचं ऐकते.

उंच मुलांच्या बाबतीत हे जास्त नाजूक. लॉरेन्स सहा फूट सहा इंच आहे. हातपाय एवढे लांब असले की ताकद आपोआप मिळते, पण चूकही तेवढीच लांब होते. पाऊल चार बोटं जास्त पडलं तर ३० यार्डांवर चेंडू घेणाऱ्याच्या डोक्यावरून जातो. त्यातून तेरा-चौदाव्या वर्षी मूल वर्षभरात वीतभर वाढतं. मागच्या उन्हाळ्यात घोटलेली पावलं या उन्हाळ्याच्या पायांना बसत नाहीत, सगळं पुन्हा पहिल्यापासून घोटावं लागतं. हे काम कोणाला दिसत नाही. त्याच्या बातम्या होत नाहीत. खासगी कोचची वर्षं यात जातात.

शिवाय चेंडू खांद्याखाली उतरू न देणं, कोपर खांद्याच्या उंचीला ठेवणं, शिवणीवर बोटं न बघता बसवणं, आणि डोळे. पहिला सहकारी मोकळा नसेल तर नजर दुसऱ्याकडे नेताना पायही त्या दिशेला फिरले पाहिजेत. नुसती मान वळवून फेकणारी मुलं शाळेत खपून जातात, कॉलेजात नाही.

अंतिम सामन्यात हे शिकवणं दिसलं का?

दिसलं. मला दिसलं नव्हतं, कोचने दाखवलं.

सामन्यानंतरच्या शनिवारी कडाक्याची थंडी होती. पाच मुलं आणि दोन बाप कोचच्या गाडीच्या मागच्या दारापाशी जमलो होतो. कोचने फोन काढला, पहिल्या भागातली एक चाल लावली. गुण ७-७, तिसरा प्रयत्न, १४ यार्ड हवे होते. लॉरेन्सने टी हिगिन्सला ६२ यार्डांचा पास दिला ती चाल. कोचने डावा तळवा पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर आडवा धरला. चेंडू दिसेना, हात दिसेनात, हिगिन्स दिसेना. फक्त पाय. मागे पावलं, एक बारीक उडी, दोन पायांतलं अंतर खांद्यांएवढं, आणि मग पुढचं आखूड पाऊल. समोरून बचावपटू येत असताना.

‘पास चांगला पडला का?’ कोचनी विचारलं. सगळ्यात लहान मुलगा म्हणाला, ‘हो.’ ‘कशावरून?’ ‘पाय घाबरले नाहीत.’

कोच त्या मुलाकडे बघत राहिले. त्यांचा तर लॉरेन्सशी काही संबंधही नव्हता, तरी त्यांचा आवाज भरून आला. आपल्या व्यवसायातलं काम इतक्या मोठ्या रात्री इतकं स्वच्छ उतरलेलं बघणं, हाही एक अभिमान असतो. मग ज्याने ते पाय स्वतः घोटून घेतले त्याला काय वाटलं असेल!

लोकांच्या लक्षात राहिला तो तिसऱ्या भागातला ७४ यार्डांचा टचडाऊन, जस्टिन रॉसने पळत नेलेला. ती धाव सुंदरच होती. पण तिथे रॉसवरचा बचावपटू दुखापतीने खाली पडला होता आणि पुढचा रस्ता मोकळा झाला होता. क्वार्टरबॅकच्या दृष्टीने माझ्या मते हिगिन्सचा पास मोठा.

मग श्रेय क्लेमसनच्या प्रशिक्षकांना नाही का?

आहेच, आणि पुष्कळ आहे. डॅबो स्विनी मुख्य प्रशिक्षक, ब्रँडन स्ट्रीटर क्वार्टरबॅक सांभाळणारे, टोनी इलियट आणि जेफ स्कॉट आक्रमणाच्या चाली रचणारे. कोणती चाल कधी, अलाबामाचा बचाव कुठे फसवता येईल, हे सगळं त्यांचं. १५ पैकी १० वेळा तिसऱ्या प्रयत्नात हवं तेवढं अंतर मिळालं, ते एकट्या पोराच्या पायांनी होत नाही. ट्रॅव्हिस एटिएनचे तीन टचडाऊन होते, ए. जे. टेरेलने सुरुवातीलाच अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ टागोवायलोआ याचा पास अडवून ४४ यार्ड पळत नेला होता.

आणि सगळ्यात अवघड निर्णय स्विनींनी सप्टेंबरातच घेतला होता. आदल्या वर्षी संघाला उपांत्य फेरीत नेणाऱ्या क्वार्टरबॅक केली ब्रायंटला बाजूला करून पहिल्या वर्षाच्या मुलाला पुढे केलं. ब्रायंट संघ सोडून गेला. पुढच्याच सामन्यात, सिराक्यूजविरुद्ध, लॉरेन्सला डोक्या-मानेला मार लागून बाहेर बसावं लागलं. चेस ब्राइस नावाच्या राखीव मुलाने तो सामना २७-२३ असा ओढून काढला, नाहीतर १५-० झालंच नसतं. त्या हंगामाची गोष्ट सांगताना ब्राइसचं नाव गाळलेलं मला आवडत नाही.

हंगामात कॉलेजच्या सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा असते. ते तास संघाच्या चालींमध्येच संपतात. खासगी कोच त्या महिन्यांत टीव्हीसमोर, तुमच्या-आमच्यासारखा.

त्याला काही मिळतं का? अंगठी, बक्षीस?

नाही. विजेतेपदाची अंगठी संघाची असते. तेव्हाच्या नियमांप्रमाणे खुद्द खेळाडूलाही आपल्या नावावर कमाई करता येत नव्हती, ती परवानगी जुलै २०२१ पासून मिळाली. कोचला मिळतं ते पुढच्या मोसमात पार्कात उभी राहणारी नवी पोरं.

हे आचरेकर सरांसारखं आहे का?

हा प्रश्न त्या आठवड्यात फारच जवळचा होता. रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले. दुसऱ्या दिवशी सचिनने खांदा दिला. ते चित्र मी इथे फोनवर बघितलं, आणि चारच दिवसांनी हा सामना.

फरक आहेत. आचरेकर सर स्कूटरवर बसवून पोरांना एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत, एका दिवसात अनेक सामने खेळायला लावत. कोणती शाळा घ्यायची इथपर्यंत त्यांचा शब्द चाले. इथला कोच एवढा घरचा होत नाही, तास ठरलेला असतो. पण स्टंपवर ठेवलेलं ते एक रुपयाचं नाणं आठवा. बाद न होता सराव संपवला तर नाणं फलंदाजाचं. सचिनने ती १३ नाणी जपून ठेवली आहेत. त्या नाण्याला किंमत होती ती सर बघताहेत याची.

१६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सचिनने सांगितलं होतं, की सर कधी ‘वेल प्लेड’ म्हणाले नाहीत, पोरगं सुस्तावेल म्हणून. अभिमान पोटात ठेवायची ही रीत आपल्या लोकांना नवी नाही. इथले कोच तोंडभरून कौतुक करतात, मिठी मारतात. पहिल्यांदा मला ते उथळ वाटलं होतं. आता वाटत नाही. मूल चुकलं की त्याच तोंडाने तितकंच स्पष्ट सांगतात.

शिष्य समोरासमोर आले तर?

आले! आणि या गोष्टीतला हा भाग मला सगळ्यात जास्त हलवतो.

व्हील यांच्याकडे आणखी एक मुलगा शिकत होता, केनेसॉच्या हॅरिसन हायस्कूलचा जस्टिन फील्ड्स. कार्टर्सव्हिल आणि केनेसॉ एकाच महामार्गावरची गावं, अर्ध्या तासाचं अंतर. २०१८ साली शाळा सोडणाऱ्या देशभरातल्या मुलांच्या क्रमवारीत पहिल्या दोन जागा या दोघांच्या होत्या. कोणी याला वर ठेवी, कोणी त्याला. दोघांची पावलं एकाच माणसाने घोटलेली.

फील्ड्स आधी जॉर्जिया विद्यापीठात गेला, मग ओहायो स्टेटमध्ये. २८ डिसेंबर २०१९ ला उपांत्य सामन्यात दोघे आमनेसामने आले, तेही ॲरिझोनात, ज्या राज्यात व्हील स्वतः कॉलेजला खेळले होते. ओहायो स्टेट १६-० पुढे. मग लॉरेन्सने स्वतः ६७ यार्ड पळून टचडाऊन केला, शेवटच्या दोन मिनिटांत एटिएनला विजयाचा पास दिला, २९-२३. त्यानंतर फील्ड्स संघाला पुन्हा पार पुढे घेऊन आला आणि त्याचा शेवटचा पास क्लेमसनच्या नोलन टर्नरच्या हातात गेला. त्याचा सहकारी भलत्याच दिशेला वळला होता.

वर्षभराने, १ जानेवारी २०२१ ला, न्यू ऑर्लीन्समध्ये पुन्हा तीच जोडी. फील्ड्सला बरगड्यांवर जबर फटका बसला, तो कळवळत बाहेर गेला आणि परत आला. सहा टचडाऊन पास. ओहायो स्टेट ४९, क्लेमसन २८. लॉरेन्सने त्या दिवशी ४०० यार्ड फेकले, तरी हरला.

दोन मुलांची आई असलेल्या माझ्या बायकोने तो सामना बघताना एकदाही टाळी वाजवली नाही. ‘त्या कोचने आज जेवण केलं असेल का?’ एवढंच म्हणाली.

लॉरेन्स त्याआधीही एकदा हरला होता ना?

हो. १३ जानेवारी २०२० ला, अंतिम सामन्यात, लुइझियाना स्टेटकडून ४२-२५. सुरुवातीपासून खेळलेले सलग २५ सामने जिंकल्यावरचा पहिला पराभव. ३७ पैकी १८ पास, एकही टचडाऊन पास नाही. त्या रात्री समोरचा क्वार्टरबॅक जो बरो कमालीचा खेळला. व्यावसायिक लीगमधले संघ कॉलेजच्या खेळाडूंना क्रमाने निवडतात, त्या २०२१ च्या निवडीत लॉरेन्सला जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकाने घेतलं, फील्ड्सला शिकागोने अकराव्या.

आमच्या मुलाला असा कोच लावावा का?

मुलाला खेळ आवडत असेल, पैसे ओढाताण न करता निघत असतील, तर जरूर. पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी लावू नका. या देशात दहा लाखांच्या आसपास मुलं शाळेत फुटबॉल खेळतात, त्यांतली शंभरात सातेक कॉलेजात पोहोचतात, तीही सगळ्या लहानमोठ्या दर्जाची कॉलेजं धरून. आमचा मुलगा पोहोचला नाही. शेवटच्या वर्षी खांद्याच्या दुखण्याने त्याचं खेळणं थांबलं. कोच घरी आले, तासभर त्याच्या खोलीत बसले, त्या तासाची फी घेतली नाही.

कोच निवडताना त्याच्या भिंतीवरचे फोटो बघू नका. एक शनिवार नुसते बाकावर बसा आणि सगळ्यात कच्च्या मुलाला तो किती वेळ देतो ते बघा.

तो सामना आता बघायचा तर कुठून सुरू करू?

पहिल्या भागात गुण ७-७ झाले की आवाज बंद करा. तिसरा प्रयत्न, १४ यार्ड, ही चाल आली की तळवा पडद्यावर आडवा धरा आणि १६ नंबरचे, म्हणजे लॉरेन्सचे, पाय बघा. मग तळवा काढा.